इंजिनाची खरवड

गणवीर मिस्त्रींवर माझा राग आहे. ते जाऊन दोन वर्षं झाली, तरी आहे. गेलेल्या माणसावर राग धरून काय मिळतं, असं माझी बायको विचारते. मिळत काहीच नाही. पण मी आयुष्यात जे काही कमावलं ते स्वतः कमावलं, हा रागही त्यातलाच, आणि तो मी फुकटात सोडणार नाही. एक गोष्ट मात्र आधीच लिहून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मी अर्धं दाबून ठेवलं. इंजिन उघडणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या दोन दिवसांची आठवण आली की आजही मला बसवत नाही, उठून फेऱ्या मारतो.

त्यांचं दुकान लाखनीला, महामार्गाच्या कडेला, एका टायरवाल्याला चिकटून होतं. वर पत्रा, खाली माती, पाटी नाही. बाहेर पाण्याने भरलेला एक निळा ड्रम. नावेच्या मागे टांगायची मोटर पाण्याशिवाय चालवली तर जळते, म्हणून ती त्या ड्रममध्ये बुडवून सुरू करायची. शेजारून ट्रक जायचे तसं त्या ड्रममधलं पाणी थरथरायचं. आणि या सगळ्या धुळीत, ग्रीसमध्ये, मिस्त्रींच्या अंगात पांढरा शर्ट! इस्त्रीचा. संध्याकाळी दुकान बंद करताना तो सकाळइतकाच पांढरा. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ज्याच्या शर्टावर तेल सांडते ना शेठ, त्याचं तेलाकडे लक्ष नसते."

पूर्वी ते सरकारी खात्यात पुराच्या बोटींच्या इंजिनांवर होते. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा सामानाच्याही वाटण्या झाल्या. त्याबद्दल ते एकच वाक्य बोलायचे: "बोट गोंदियाले गेली, पाने माह्याजवळ राहिले." आणि पोट धरून हसायचे. मग नोकरी सोडून त्या पान्यांवरच त्यांनी दुकान उघडलं.

इंजिनात जळलेल्या तेलाचा जो काळा थर बसतो त्याला जग कार्बन म्हणतं. मिस्त्री खरवड म्हणायचे. भात लागल्यावर बगुण्याच्या बुडाशी राहते ती खरवड.

"कार्बन कारखान्यात होते जी. हे घरी होते. भात कोणं शिजवला, जाळ किती लावला, पाणी कमी पडलं का ध्यान दुसरीकडे होतं, हे खरवडीवरून समजते का नाही? तसंच हे."

आणि खरंच समजायचं! माझ्यासमोर एका गुरुजींच्या लुनाच्या इंजिनाचं त्यांनी डोकं उघडलं. आत मऊ, काजळीसारखा काळा थर. मिस्त्रींनी त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "गुरुजी, रोज गाडी चालू ठेवून गप्पा कोनासंग मारता?"

गुरुजी म्हणाले, "कोण, मी?"

"दहा-पंधरा मिनिटं. एका जागेवर उभी असते गाडी. कोनाच्या घरासमोर ते मी विचारत नाही."

टायरवाला हातातला टायर सोडून हसत सुटला. गुरुजींनी मजुरीबद्दल एक अक्षर काढलं नाही. मला भाव करणाऱ्या माणसाची पारख आहे; तो माणूस त्या दिवशी दुप्पटही देऊन गेला असता.

आता माझ्याबद्दल थोडं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे वडील मागावर बसायचे. मी पंधराव्या वर्षी मागावरून उठलो आणि भंडाऱ्याच्या बाजारात पितळेची मोड, म्हणजे फुटकी-जुनी भांडी, विकत घ्यायला लागलो. तिथून वर आलो. पुढे धरणाचं पाणी वैनगंगेत मागे मागे चढत आलं आणि आमच्या घाटावरचा जुना रस्ता त्याखाली गेला. पलीकडच्या गावांना भंडाऱ्याला यायचं तर भला मोठा वळसा. मी म्हटलं, इथे नाव चालेल. नाव मिळाली. मोटर मिळाली ती मोडीच्या ढिगात, जुनी, करड्या रंगाची. विकणारा तिला मोटर म्हणून विकत होता, मी तिला ॲल्युमिनियम म्हणून काट्यावर ठेवलं. तो सौदा आठवला की अजून बरं वाटतं.

नाव चालवायला शालिक ठेवला. जातीचा ढिवर, नदीवरच वाढलेला, बोलायला कमी. दोन महिने मोटर अशी पळाली की लोक नुसते बघायला घाटावर यायचे. मग धूर वाढला. मग जोर गेला. मग एके सकाळी शालिक दोरी ओढून ओढून थकला आणि मोटर उठलीच नाही. पलीकडे न्यायची माणसं नावेत बसलेली. माझं डोकं फिरलं. मला खात्री होती की शालिक पेट्रोल विकतो आणि त्यात रॉकेल घालतो. त्या सगळ्या माणसांसमोर मी त्याला चोर म्हटलं आणि खाली उतरवलं. त्याने हातातली दोरी नीट गुंडाळून फळीवर ठेवली आणि निघून गेला.

घाटाच्या परवान्याची चाचणी तीन दिवसांवर होती. साहेब स्वतः नावेत बसून पलीकडे जाणार होते. मोटर चालली नाही तर घाट दुसऱ्याचा. मी घरातलं आणि धंद्यातलं सगळं त्या घाटात घातलं होतं.

म्हणून टेम्पोत मोटर घालून मी लाखनी गाठली.

"आधी भाव सांगा," मी म्हटलं.

"आधी बगुणं उघडू द्या, मंग भात किती करपला ते सांगतो."

"अंदाजे तर सांगाल?"

"अंदाजे सांगन तर तुमी अंदाजे कमी करान. कायले तोंडाची मेहनत?" असं म्हणून त्यांनी मोटरच्या धुराच्या तोंडाशी नाक नेलं. दोनदा हुंगलं. भुवया वर गेल्या. "पेट्रोलात तेल कोण मिसळवते?"

"मी. माझ्या हाताने. कुलपात ठेवतो मी तेल."

"कोणतं?"

"चांगलं."

"हं," मिस्त्री म्हणाले, "वास तर चांगलाच येऊन राहिला."

मग त्यांनी डोकं उघडलं. बोल्ट एका बाजूने सोडत गेले नाहीत. इकडचा थोडा, समोरचा थोडा, पुन्हा इकडचा. झाकण निघालं आणि मिस्त्री ओरडले, "अरे बापा! या, या, पाहा जी!" मला वाटलं काहीतरी फुटलं. त्यांनी टायरवाल्यालाही हाक मारून बोलावलं. तिघं आम्ही त्या पिस्टनवर वाकलो. त्याच्या माथ्यावर काळा थर बसला होता, पण कोरडा नाही, चकचकीत, लाखेसारखा. बोटाने दाबला तरी भुगा होत नव्हता. "पंचवीस वर्षांत अशी खरवड पाह्यली नाही," मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू मीच त्यांना काही भेट दिली. माझा जीव जात होता आणि हा माणूस आनंदात! पण खरं सांगतो, त्यांच्या त्या ओरडण्याने माझीही छाती धडधडायला लागली.

दोन दिवस मी त्या दुकानात बसून होतो. माझी वस्तू कोणाच्या हाती सोडून मी जात नाही. मिस्त्रींजवळ एका डब्यात बांबूच्या चिपा उभ्या असायच्या. स्वतः तासलेल्या, सावलीत वाळवलेल्या. रुंद चीप पिस्टनच्या माथ्याला, टोकदार कोपऱ्याला, वाकडी धूर जायच्या भोकाला. लोखंड ते लावूच देत नसत.

"स्क्रू-ड्रायव्हरने एका मिनिटात निघेल," मी म्हटलं.

"निघन ना. पण ओरखडा पडन. आन् त्याच ओरखड्यात मंग नवी खरवड बसते, पहिलीपेक्षा घट्ट. घाई केलेलं साफ करणं म्हंजे पुढच्या खरवडीले जागा करून देणं होय."

आधी डिझेल ओतून थर भिजत ठेवला. मग पिस्टन वर आणून त्याच्या कडेने ग्रीसचा बारीक बांध घातला, धानाच्या बांधीला धुरा असतो तसा, म्हणजे खरवडीचे कण आत न सांडता ग्रीसमध्ये अडकतात. मग चीप चालू लागली. करर, करर. दर दहा-बारा खरवडण्यांनंतर फडक्याने टिपायचं, पुन्हा डिझेल, पुन्हा करर. पिस्टनच्या कड्या, म्हणजे रिंगा, चिकटून बसल्या होत्या. त्या सुटल्यावर त्यांच्या खाचा साफ करायला त्यांनी जुन्या तुटक्या कडीचाच तुकडा घेतला. "हिची खाच हिलेच माहीत." धुराच्या भोकात शिसपेन्सिल जात नव्हती. संध्याकाळपर्यंत त्यात माझा अंगठा गेला! दुसऱ्या दिवशी दुपारी पिस्टनचा माथा नव्या ताटलीसारखा उघडा झाला आणि मी, ज्याने जन्मात दुसऱ्याच्या कामाला चांगलं म्हटलं नाही, मोठ्याने "वाहवा" म्हणून गेलो.

"आता तुमची तेलाची पेटी उघडा," मिस्त्री म्हणाले.

पेटी मी बरोबरच आणली होती. कुलूप काढलं. आत दोन डबे, सारखेच, कागद निघालेले, कारण दोन्ही तेलं मी सुटी घेतली होती. एकात पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी तेल. दुसऱ्यात नावेच्या फळ्यांना लावायचं जवसाचं तेल. आणि मापाची एक वाटी. मिस्त्रींनी ती वाटी घेतली, नखाने आतून खरवडली आणि एक पिवळसर पापुद्रा सोलून उन्हात धरला.

"साय," ते म्हणाले. "टू-टी तेल दहा वर्षं उघडं ठेवा, वाळत नाही. जवस वाळते, साय धरते. फळीवर चढवायचं ते तुमी मोटरले पाजलं, शेठ. म्हणून पहिल्याच दिवशी मले फोडणीचा वास आला."

"शालिकने घातलं असेल!"

"कुलूप कोनाचं?"

"माझं."

"किल्ली?"

किल्ली माझ्या कंबरेच्या करदोड्याला होती. मिस्त्रींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पापुद्रा फडक्याला पुसला, वाटी माझ्या हातात दिली आणि शालिक कोण, कुठे असतो, त्याला का काढलं, हे सगळं एकेक करून विचारून घेतलं. मी सांगितलं. सांगताना माझा आवाज नेहमीपेक्षा चढा होता, हे मला आठवतं.

मोटर जोडून झाली. मी मजुरी विचारली.

"सकाळी घाटावर सांगतो. सुरू करून द्याले यावंच लागन मले."

दुसऱ्या दिवशी घाटावर जत्रा लोटल्यासारखी माणसं. पलीकडच्या काठावरही लोक उभे. शालिक एका दगडावर पाठ करून जाळं दुरुस्त करत बसला होता. मोटर नावेला लागली, टाकीत नवं पेट्रोल पडलं, तेल मिस्त्रींनी स्वतः मोजून मिसळलं. लांब सडकेवर साहेबांच्या जीपची धूळ दिसली. मी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. नुसती फुसफुस. तिसऱ्यांदा ओढली, तीही वाया.

"मिस्त्री!"

मिस्त्रींनी पांढऱ्या शर्टाच्या खिशावर दोन बोटं ठेवली. "प्लग इथं हाय."

"मग लावा ना!"

"मजुरी राहिली."

"अहो बोला, किती?"

"शालिकले हाका मारा. आन् सांगा का तेलाची चूक तुमची होती."

मी त्यांचा हात धरून बाजूला नेलं. धूळ जवळ येत होती. आणि मग मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा केला.

"त्याला कामावर परत घेतो."

"थे तर घ्यानच. त्याच्याशिवाय नाव कोण चालवन?"

"पगार वाढवतो."

"थे तुमचं-त्याचं. माही मजुरी नाही होय ती."

"संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सांगतो."

"चोर कुठी म्हटलं होतं? घरी का घाटावर?"

मी दात-ओठ खाल्ले. मग मोठ्याने हाक मारली, "शालिक!" त्याने मान वळवली. सगळा घाट वळला. मी म्हटलं, "शालिक, तेलात चूक झाली."

मी मिस्त्रींकडे हात पसरला. खिशावरची बोटं तशीच.

"सांज झाली, पाणी गढूळ झालं, तशी चूक झाली का जी?" ते हळू म्हणाले, पण पुढच्या रांगेला ऐकू गेलंच. "कोणं केली?"

जीपचा दरवाजा वाजला. एका शब्दावर अडलं होतं. मी मोडीच्या बाजारात उभा राहून भल्याभल्यांना थकवलं आहे, आणि हा माणूस मला 'झाली'वरून 'केली'वर आणत होता, आणि त्याच्या बाजूने सगळी नदी उभी होती.

"चूक मी केली," मी ओरडलो. "तेल मी चुकीचं ओतलं. शालिक चोर नाही."

प्लग खिशातून निघाला. मिस्त्रींनी तो बसवला, एकदा पान्याने आवळला आणि बाजूला झाले. शालिकने जाळं गोळा केलं, नावेत चढला, दोरी हातात घेतली आणि मग थांबून विचारलं, "आज तेल कोणं मिसळवलं?"

"मी," मिस्त्री म्हणाले.

"मंग ठीक हाय."

घाट असा हसला की साहेबांनी विचारलं, काय झालं? कोणी सांगितलं नाही, हे त्या गावाचे उपकार.

दुसऱ्या ओढीला मोटर गुरगुरली आणि तिसरीला उठली! आधी पांढरा धूर, इतका की शालिक दिसेना. आतलं भिजलेलं-उरलेलं सगळं जळून बाहेर पडत होतं. काठावरून मिस्त्री दोन्ही हात हलवून ओरडत होते, "दाब! घाबरू नको, दाब!" शालिकने दाबली, वेग चढला. धूर फाटला, नावेचं तोंड उचललं आणि ती पाणी चिरत निघाली. साहेबांनी डोक्यावरची टोपी धरली. पलीकडच्या लोकांनी आरोळी ठोकली, आपल्या लोकांनी ठोकली, मीही ठोकली. घसा दोन दिवस बसला होता. परवाना मिळाला.

तर राग कशाचा? सांगतो. मी ते स्वतःहून म्हणालो असतो. संध्याकाळी, उद्या, केव्हातरी. कदाचित नसतोही म्हणालो. पण मिस्त्रींनी प्लग खिशात घालून माझ्याकडून ते वदवून घेतलं, आणि आता मी म्हणालो असतो की नाही, हे कोणालाच कधी कळणार नाही. मलाही नाही. माणसाची एवढी वस्तू काढून घ्यायची आणि वर भावही करू द्यायचा नाही, हा कुठला व्यवहार?

त्यानंतर बरीच वर्षं मिस्त्री वर्षातून एकदा घाटावर यायचे, काठावर उभं राहून मोटर ऐकायचे आणि जायचे. नावेत बसा म्हटलं तर म्हणायचे, "आवाज काठावरूनच खरा येते." मजुरी म्हणून दुसरं काही घेतलं नाही. नव्या प्लगची किंमत तेवढी घेतली, तीही मी भाव केला म्हणून कमी करून.

मग त्यांचे कान गेले. जन्मभर इंजिनांजवळ बसल्याने असेल. लाखनीचं दुकान बंद झालं. शेवटचे ते घाटावर आले ते हिवाळ्यातल्या एका सकाळी. अंग वाळलेलं, शर्ट तोच पांढरा, मोठा झालेला. हातात हातभर लांब बांबूची चीप. मला काही न विचारता ते नावेत चढले. पहिल्यांदाच. मागे, मोटरजवळ बसले. मी त्यांच्या समोरच्या फळीवर बसलो. नावेत चार बाया भाजीच्या टोपल्या घेऊन आपल्याच बोलण्यात होत्या.

नाव निघाली तसं मिस्त्रींनी चिपेचं एक टोक मोटरवर टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले. कान गेले तरी दातांनी ऐकत होते! शालिक त्यांच्याकडे पाहत राहिला, मीही.

मधोमध आल्यावर त्यांनी चीप तोंडातून काढली. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्याने ओरडूनच बोलले:

"खरवड धरून राहिली! हळू चालवता काय? कोणं सांगतलं हळू चालवाले?"

शालिकने पाण्याकडे पाहिलं. वर्षभर मीच त्याला सांगत होतो की हळू चालव, पेट्रोल वाचव. तो काही बोलणार नव्हता. मोटर चालू होती. प्लग कोणाच्या खिशात नव्हता. कोणी साहेब येत नव्हता. बायांना आमच्याशी घेणंदेणं नव्हतं.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "चूक मी केली."

पण मिस्त्रींनी चीप पुन्हा दातांत धरली होती आणि डोळे मिटले होते. त्यांना फक्त मोटर ऐकू येत होती. ऐकलं ते शालिकने. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

मिस्त्रींनी डोळे न उघडता हात वर केला आणि तळवा हवेत खाली दाबला: दाब. शालिकने मोटर दाबली. काळा धूर आला, विरळ झाला, आवाज मोकळा झाला. बायांनी पदर आवरले. पांढरा शर्ट वाऱ्याने फुगला, आणि दातांतली ती बांबूची चीप पलीकडचा काठ येईपर्यंत थरथरत होती.